औंधचे चित्रकार राजे

चित्रें पाहावयाचीं म्हणजे मुंबईस जावयाचें, ही गोष्ट आम्हां तारोडीकरांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तींत कांहीं वावगें आहे असें आम्हांस वाटतहि नाहीं. भाईंदरपर्यंत बस, तेथून आगगाडीनें चर्चगेट, आणि पुढें काळ्या घोड्याच्या बाजूस चालत गेलें म्हणजे जहांगीर कलादालन व त्याच्या शेजारचें वस्तुसंग्रहालय लागतें. मासळी सुकविणाऱ्या व शेती करणाऱ्या या किनाऱ्यावरील गांवांच्या वांट्यास येतात तीं देवळांतील, चर्चमधील आणि दिनदर्शिकेवरील चित्रें. चांगलीं चित्रें मोठ्या शहरांतच असावयाचीं, हा जणूं सृष्टीचा नियम! हा नियम ज्यांनीं मानला नाहीं अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों. ते पुरुष म्हणजे औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि होत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजीं झाला. प्रतिनिधि हें पद मराठेशाहींत राजाराम महाराजांच्या काळीं जिंजीस निर्माण झालें व पुढें औंधच्या घराण्याकडे वंशपरंपरेनें चालत आलें. सातारा येथें शालेय शिक्षण व पुण्यास डेक्कन कॉलेजांत उच्च शिक्षण घेऊन बाळासाहेब बी. ए. झाले. १९०९ सालीं ते गादीवर आले. संस्थान म्हणाल तर अवघ्या ७२ गांवांचें, आणि तींहि एके ठिकाणीं नव्हेत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. बराचसा मुलूख दुष्काळी. अशा राज्याच्या धन्यानें फार तर विहिरी खणाव्या व सारा वसूल करावा, एवढीच लोकांची अपेक्षा असते.

बाळासाहेबांच्या हातीं मात्र कुंचला होता. त्यांनीं रामायणांतील प्रसंग स्वतः रंगविले व १९१६ सालीं ते चित्ररामायणाच्या रूपानें प्रसिद्ध केले. अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांवर त्यांनीं ग्रंथ लिहिले. भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढावयाचें मनांत आणलें, तेव्हां तिच्या पाठीशीं द्रव्य घेऊन ते उभे राहिले. ते कीर्तन करीत. सूर्यनमस्काराचा प्रसार तर त्यांनीं इतका केला कीं पुष्कळांस त्यांचें नांव तेवढ्यापुरतेंच ठाऊक आहे. १९३५ सालीं इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. चित्रकार या नात्यानें त्यांची योग्यता पहिल्या प्रतीची होती असें आम्ही म्हणणार नाहीं. राजा रविवर्म्याची छाया त्यांच्या चित्रांवरून हटत नाहीं. पण ज्याला स्वतःस रेघ ओढण्याचे कष्ट ठाऊक असतात त्याला दुसऱ्याच्या रेघेची किंमत कळते, आणि बाळासाहेबांचें खरें कार्य या दुसऱ्या गुणांतून झालें.

गुणी माणसांस ते औंधास आणून वसवीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले चित्रकार व पुढें वेदांचे भाष्यकार म्हणून गाजलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर अनेक वर्षें तेथें राहिले. औंधच्या शाळेचीहि तशीच ख्याति होती. घरची गरिबी असलेले साने गुरुजी विद्यार्थिदशेंत कोंकणांतून शिकण्यासाठीं तेथें गेले होते. पुढच्या पिढींत ग. दि. माडगूळकर व शंकरराव खरात या संस्थानांतील दोन खेडवळ मुलांनीं त्याच गांवीं विद्या घेतली. राजाचा वाडा, शाळा व चित्रें हीं तिन्ही एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर, अशी ती वस्ती होती.

१९३८ सालीं बाळासाहेबांनीं आपला संग्रह श्रीभवानी वस्तुसंग्रहालय या नांवानें मांडला. त्यांनीं जागा कोठली निवडली तें पाहण्यासारखें आहे. गांवाशेजारीं मूळपीठाचा डोंगर आहे. माथ्यावर यमाईचें देऊळ. देवीच्या दर्शनास खेडोपाड्यांतून लोक येतात, पौषांत तर मोठी यात्रा भरते. त्याच डोंगराच्या उतारावर त्यांनीं इमारत उभारली. ज्याला कलादालन हा शब्दहि ठाऊक नाहीं असा शेतकरी कडेवर पोर घेऊन देवीस जातां-येतां सहज आंत वळेल, ही सोय त्या जागेनेंच झाली. लोकांनीं कलेकडे यावें म्हणून जाहिराती लावण्यापेक्षां, लोक जेथें आधींच जात आहेत तेथें कला नेऊन ठेवणें हें अधिक शहाणपणाचें, असें आम्हांस वाटतें.

आंत काय नाहीं! रविवर्म्याची सैरंध्री आहे, रावबहादुर धुरंधर व बाबूराव पेंटर यांचीं चित्रें आहेत, जुन्या शैलींचीं बारीक कलमाचीं लघुचित्रें आहेत, चंदनाचें व हस्तिदंताचें कोरीव काम आहे. हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराचें आई व मूल हें पाषाणशिल्पहि सातारा जिल्ह्यांतील या गांवांत आहे. याशिवाय युरोपांतील नामांकित चित्रांच्या व मूर्तींच्या प्रतिकृति आहेत. अस्सल वस्तूंच्या शेजारीं नकला कशाला, असें कोणी नाक मुरडून म्हणेल. पण ज्या मुलाला रोम किंवा पॅरिस उभ्या जन्मांत दिसणें नाहीं, त्याला चांगली प्रतिकृति म्हणजे परभाषेंतील ग्रंथाच्या भाषांतरासारखी आहे. भाषांतरें वाचूनच आपणांपैकीं बहुतेकांस होमर व टॉलस्टॉय भेटले ना?

दुष्काळी मुलखांत पैसा चित्रांवर घालवावा काय, हा आक्षेप याहून जड आहे, आणि तो झटकून टाकतां येत नाहीं. त्याचें उत्तर बाळासाहेबांच्या पुढील कृतींत शोधावें लागतें. जानेवारी १९३९ मध्यें, म्हणजे संग्रहालय उघडल्यावर थोड्याच काळांत, त्यांनीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें तयार झालेली राज्यघटना जाहीर करून राज्यकारभार प्रजेच्या हातीं दिला. या कामीं त्यांचे पुत्र आप्पासाहेब व मॉरिस फ्रिडमन हे पोलिश गृहस्थ यांचा मोठा वांटा होता. गांवोगांवीं पंचायती आल्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपुर येथें भिंतींवांचून कैद्यांची वसाहत झाली, जिच्यावरून पुढें १९५७ सालीं शांतारामबापूंचा दो आँखें बारह हाथ हा बोलपट निघाला. राजाच्या खासगी खर्चासही मर्यादा पडली. राज्यच जेव्हां प्रजेचें झालें तेव्हां चित्रेंहि राजाच्या हौसेचीं राहिलीं नाहींत. तीं ज्यांच्या साऱ्यांतून घेतलीं गेलीं त्यांच्याच गांवीं, त्यांच्याच डोळ्यांपुढें राहिलीं. तीं विकून किती विहिरी झाल्या असत्या हा हिशेब कोणीहि मांडावा. मात्र त्यांतील एकहि चित्र मग औंधांत उरलें नसतें, हेंहि त्याच वहींत लिहावें.

८ मार्च १९४८ रोजीं औंध संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. १३ एप्रिल १९५१ रोजीं बाळासाहेब निवर्तले. संग्रहालयाची व्यवस्था पुढें सरकारकडे गेली. कित्येक संस्थानिकांचे संग्रह त्या धामधुमींत लिलावांत गेले. औंधचा संग्रह डोंगराच्या उतारावर जागच्या जागीं राहिला. रहिमतपुर स्टेशनावर उतरून औंधास जातां येतें, आणि देवीच्या पायऱ्या चढणारे लोक आजहि त्या इमारतीवरून वर जातात.