हजेरीपट, लूप आणि कापरेकर मास्तर

शाळेतली हजेरी आठवते ना? बुलढाण्यातली झेडपीची शाळा असो की नाशिककडची, गुरुजी एकेक नंबर पुकारतात, मुलं आपापल्या सुरात ओ देतात, पट संपला की हजेरी संपली. फॉर-ईच लूप नेमकं हेच करतो. पट म्हणजे कलेक्शन, मूल म्हणजे ऑब्जेक्ट. आज अशीच आकड्यांची हजेरी घेणाऱ्या मास्तरांबद्दल.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये बीएस्सी झाले. पुढची पदवी नाही, पीएचडी नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते.

त्यांचा प्रसिद्ध शोध १९४९ चा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचंच जन्मवर्ष घेऊ: १९०५ वरून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. पुढे ६१७४ च येत राहतं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. १९०५ ला पूर्ण सात लागल्या!

कोडमध्ये इथे दोन लूप लागतात. बाहेरचा फॉर-ईच ०००० ते ९९९९ मधल्या ९,९९० संख्या-ऑब्जेक्टना एकेक करून पुकारतो (सारख्या अंकांच्या दहा वगळल्या). आतला व्हाइल लूप प्रत्येक ऑब्जेक्टला ६१७४ येईपर्यंत पुढची पायरी विचारतो. पहिल्याला पट संपला की थांबायचं, दुसऱ्याला अट पूर्ण झाली की. एक गोची मात्र आहे. १००० मधून ०९९९ मिळतं. ऑब्जेक्टने पुढचं शून्य टाकलं तर ९९९ वजा ९९९, म्हणजे शून्य, आणि आतला लूप कधी थांबतच नाही. म्हणून चार अंक सांभाळणं ही ऑब्जेक्टचीच जबाबदारी.

कापरेकरांकडे कॉम्प्युटर नव्हता. अनेक गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. रिटायर झाल्यावर पेन्शन पुरेना, तेव्हा ते शिकवण्या घेत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. १९८६ मध्ये ते गेले.

आज हा प्रोग्रॅम क्षणात चालतो. एकदा स्वतः लिहून बघा, मग १९०५ च्या सात पायऱ्या कागदावर करा.