स्किझोफ्रेनियाला नाव देणारा शेतकरी घराण्यातला डॉक्टर

युजेन ब्लॉयलर यांचा जन्म ३० एप्रिल १८५७ चा. गाव स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहराजवळचं झोलिकॉन, घराणं मूळचं शेतकऱ्याचं. झुरिचच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयातले मोठे डॉक्टर तेव्हा जर्मनीहून आलेले असत. त्यांना तिथली बोली कळायची नाही. पेशंट काय बोलतो तेच समजेना, तर इलाज काय करणार, ही गावकऱ्यांची तक्रार होती. युजेन यांची सख्खी बहीणही मानसिक आजारी होती. म्हणजे दुखणं घरातलंच.

डॉक्टर झाल्यावर १८८६ मध्ये ते राइनाउच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. ऱ्हाइन नदीतल्या बेटावरचा तो जुना मठ. तिथे बारा वर्षं ते पेशंटमध्येच राहिले. त्यांच्यासोबत काम केलं, त्यांच्या बोलीत तासन्‌तास ऐकून घेतलं. १८९८ ला ते बुर्गहोल्झलीचे प्रमुख झाले, तेव्हा बहिणीलाही त्यांनी आपल्याजवळच ठेवलं.

त्याआधी जर्मनीचे डॉ. एमिल क्रेपेलिन यांनी एक मोठं काम केलं होतं. कधी अति उत्साह, कधी अति उदासी आणि मधल्या काळात माणूस बरा, हा आजार त्यांनी वेगळा काढला. दुसऱ्याला त्यांनी तरुणपणीच बुद्धी ढासळण्याचा आजार असं नाव दिलं. ब्लॉयलर यांचा अनुभव मात्र निराळा. सगळेच पेशंट ढासळत नाहीत, काही सुधारून घरीही जातात. म्हणून १९०८ मध्ये बर्लिनच्या सभेत त्यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव मांडलं आणि १९११ ला त्यावर ग्रंथ लिहिला. अर्थ असा, की विचार, भावना आणि वागणं यांचा एकमेकांशी असलेला सांधा सुटणं. एका माणसात दोन माणसं, असा त्याचा अर्थ नाही.

त्यांची एक बाजू काळीही होती. अशा पेशंटना मूल होऊ देऊ नये, या मताचे ते होते. ते चूकच. १५ जुलै १९३९ रोजी झोलिकॉनलाच त्यांचं निधन झालं.

आजही रक्त तपासून हा आजार आहे असं सांगता येत नाही. तपासण्या होतात त्या दुसरं कारण नाही ना, हे बघायला. दारू-गांजा, थायरॉइड, फिट, मेंदूज्वर, बाळंतपण यांतूनही भास होऊ शकतात. काही जणांचे भास महिन्याच्या आतच थांबतात, तो आजार वेगळा. काहींना फक्त अति उत्साहाच्या किंवा उदासीच्या काळातच भास होतात, तोही वेगळा. त्यामुळे डॉक्टर विचारतात, कधीपासून, किती दिवस, मध्ये बरं होतं का, झोप कशी, नशा आहे का. याची उत्तरं घरच्यांकडेच असतात.

आपल्याकडे कानात आवाज येतात म्हटलं की आधी बाहेरचं बघितलं जातं आणि त्यात महिने जातात. त्यापेक्षा तारखा वहीत लिहून ठेवा आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. पेशंटचं ऐकून घ्या, ब्लॉयलर यांनी तेच केलं.