अहमदाबादेत बैलगाडीतून आलं पेट्रोल. जेआरडींनी देशात सुरू केली टपालाची विमानसेवा

तेलगाव : गाळप हंगाम सुरू झाला की इथल्या साखर कारखान्यासमोर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते. वरून एखादं विमान गेलं की गाडीवरची लेकरं मान वर करून बघतात. बैलगाडी आणि विमान यांचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. पण देशातल्या पहिल्या टपाल विमानसेवेला वाटेत पेट्रोल मिळालं ते बैलगाडीतूनच. ते विमान चालवत होते जे. आर. डी. टाटा.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या गावी त्यांच्या शेजारी लुई ब्लेरियो हे नामांकित वैमानिक राहायचे. त्यांची विमानं बघूनच जेआरडींना उडण्याचं वेड लागलं. १५ व्या वर्षी ते पहिल्यांदा विमानात बसले. पुढं मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी परवाना मिळवला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना, नंबर १.

भारत ते इंग्लंड एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. १९३० साली जेआरडी कराचीहून निघाले, तर अॅस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून उलट्या दिशेनं. इजिप्तमध्ये अॅस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला देऊन टाकले. अॅस्पी काही तासांनी आधी पोहोचला आणि बक्षीस त्यालाच गेलं. हेच अॅस्पी पुढं देशाचे हवाई दल प्रमुख झाले.

विलायतेचं टपाल तेव्हा विमानानं कराचीपर्यंतच यायचं. ते पुढं मुंबई-मद्रासला विमानानं नेण्याचा बेत जेआरडी आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी आखला. सरकारनं अनुदान द्यायला नकार दिला. तरी टाटांनी पदरचे पैसे घातले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी पुस मॉथ हे एका इंजिनाचं विमान घेऊन कराचीहून उडाले. सोबत २५ किलोच्या आसपास टपाल. रेडिओ नाही, वाट दाखवणारं कोणी नाही. खालची नदी, रेल्वेचे रूळ, समुद्राचा काठ बघत जायचं. इंजिन बंद पडलं तर दिसेल त्या रानात उतरायचं. अहमदाबादला बैलगाडीतून आलेले पेट्रोलचे डबे विमानात ओतले आणि दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

जुहूचं मैदान म्हणजे नुसता चिखल. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागायचा. तरी पहिल्या वर्षात या विमानांनी १ लाख ६० हजार मैल कापले आणि टपाल वेळेवर पोहोचवलं.

याच सेवेतून एअर इंडिया उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी तिचं विमान मुंबईहून लंडनला गेलं. १९५३ साली सरकारनं ती ताब्यात घेतली. जेआरडींना हे पटलं नव्हतं. तरीही त्यांनी २५ वर्षं पगार न घेता अध्यक्षपद सांभाळलं. १९७८ साली सरकारनं त्यांना त्या पदावरून दूर केलं.

हाताने लावलेलं झाड दुसऱ्याच्या बांधात गेलं, तरी त्यांची उडण्याची हौस गेली नाही. पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, ७८ वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ हे जुन्या काळातलं विमान घेऊन पुन्हा कराचीहून मुंबईला आले. निराश होत चाललेल्या तरुणांना उभारी मिळावी, हा त्यामागचा हेतू होता.

१९९२ साली त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते बघायला जेआरडी नव्हते.