रांगेत न ढकलणाऱ्या मुलाची गोष्ट

दरवर्षी १५ जुलै रोजी तमिळनाडूतील शाळांमध्ये शिक्षण विकास दिन साजरा होतो. तो के. कामराज यांचा जन्मदिवस. देशाच्या राजकीय स्मृतीत कामराज यांचे स्थान काँग्रेस अध्यक्ष, पंतप्रधान ठरवणारा नेता आणि ‘कामराज योजने’चा जनक असे आहे. परंतु त्यांच्या हातून घडलेल्या ज्या कामाचा लाभ आजही कोट्यवधी घरांना रोज मिळतो, ते काम दिल्लीतील नव्हे. ते खेड्यातील प्राथमिक शाळेच्या ओसरीवरचे आहे. शाळेत आलेल्या मुलाला दुपारी जेवण मिळावे आणि त्यासाठी त्याच्या आईबापांना कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये, हा विचार आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटतो. तो तसा कधीच नव्हता.

कामराज यांचा जन्म १९०३ मध्ये मदुराईच्या दक्षिणेकडील विरुधुनगर या व्यापारी गावात झाला. नाडार समाजाला त्या काळी अनेक मंदिरांचे दरवाजे बंद होते. सरकारदरबारी आणि समाजात मिळत नव्हते ते या समाजाने स्वतःच्या बळावर उभे केले. व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीतून ‘महमै’ नावाची वर्गणी काढायची आणि त्या पैशांतून विहिरी, धर्मशाळा व शाळा चालवायच्या, अशी रीत होती. अशाच एका शाळेत कामराज शिकले. समाजाने थोडे थोडे घातले तर शाळा चालते, हा धडा त्यांना पुस्तकाबाहेर मिळाला.

त्यांच्या बालपणीची एक गोष्ट चरित्रकार आवर्जून सांगतात. शाळेत गणेश चतुर्थीचा उत्सव होता. सगळ्या मुलांकडून सारखी वर्गणी घेतली होती. पूजेनंतर प्रसाद वाटू लागले तेव्हा मुलांची झुंबड उडाली. धटिंगण पुढे घुसले आणि ओंजळी भरून परतले. लहानगा कामराज बाजूला उभा राहिला आणि त्याच्या वाट्याला चिमूटभर आले. घरी आजीने विचारले, तेव्हा त्याचे उत्तर असे होते की, वर्गणी सर्वांनी सारखीच दिली होती, मग प्रत्येकाला बोलावून त्याचा वाटा देणे हे मास्तरांचे काम होते. त्यासाठी ढकलाढकली का करायची? थोर पुरुषांच्या बालपणाच्या गोष्टींवर पुढच्या पिढ्या हात फिरवत असतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. तरीही ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हक्काचे मागून घ्यायचे की ते देणाऱ्याने पोहोचवायचे, हा लोककल्याणाच्या कारभारातील मूळ प्रश्न तिच्यात आहे.

वडील कामराज लहान असतानाच वारले. घराची ओढाताण सुरू झाली, आईचे दागिने मोडावे लागले आणि बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास मुलाची शाळा सुटली. मामाच्या कापडाच्या दुकानात तो कामाला लागला. पुढे राज्याच्या शिक्षणाचा नकाशा बदलणाऱ्या या माणसाचे औपचारिक शिक्षण इतकेच. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर तो काँग्रेसकडे ओढला गेला. वैकोमच्या सत्याग्रहात त्याने भाग घेतला. १९३० मध्ये राजगोपालाचारींच्या नेतृत्वाखालील वेदारण्यमच्या मीठ सत्याग्रहात तो तुरुंगात गेला. निरनिराळ्या वेळच्या शिक्षा मिळून त्याची सुमारे नऊ वर्षे कारावासात गेली. तुरुंगात असतानाच विरुधुनगरच्या नगरपालिकेने त्याला अध्यक्ष निवडले. सुटून आल्यावर त्याने ते पद सोडले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या ‘छोडो भारत’ अधिवेशनाहून परतताना पोलिसांना चुकवत कामराज यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना निरोप पोहोचवले आणि काम पुरे झाल्यावर विरुधुनगरला जाऊन स्वतःहून अटक करवून घेतली. त्यांचे राजकीय गुरू एस. सत्यमूर्ती यांना त्याच आंदोलनात विदर्भातील अमरावतीच्या तुरुंगात पाठवण्यात आले होते. तेथे नेताना झालेल्या दुखापतीतून ते सावरले नाहीत आणि १९४३ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

१३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या आधी राजाजींचे सरकार होते आणि ते शिक्षणाच्याच प्रश्नावर अडचणीत आले होते. ग्रामीण प्राथमिक शाळेतील मुलांनी काही तास शिकावे आणि उरलेला वेळ आईबापांच्या व्यवसायात घालवावा, अशी १९५३ ची योजना होती. हेतू काहीही असो, न्हाव्याच्या मुलाने न्हावी आणि कुंभाराच्या मुलाने कुंभार राहावे, असाच तिचा अर्थ लोकांनी घेतला. कामराज यांनी ती मागे घेतली. नेतेपदाच्या निवडणुकीत ज्यांनी त्यांच्याविरुद्ध उभे राहून स्पर्धा केली त्या सी. सुब्रमण्यम यांनाच त्यांनी मंत्रिमंडळात घेतले आणि अर्थ व शिक्षण ही खाती त्यांच्याकडे सोपवली. एम. भक्तवत्सलम हेही विरोधी गटातले; तेही मंत्री झाले. मनुष्यबळाची ही पारख पुढच्या नऊ वर्षांच्या कारभारात कामी आली.

दौऱ्यावर असताना रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली आणि गुरे चारणारी मुले दिसली. शाळेत का जात नाही असे विचारता एका मुलाने, शाळेत जेवायला मिळेल का, असा उलट प्रश्न केला, अशी आख्यायिका तमिळनाडूत घरोघर सांगितली जाते. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो, प्रश्न खरा होता. नव्या शाळा उघडून, शिक्षक नेमून पट भरत नव्हता. गुरे राखणाऱ्या मुलाला निदान एका वेळचे खाणे मिळे. शाळा त्याला तेवढेही देत नव्हती.

कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. १९२० मध्ये जस्टिस पक्षाचे पिट्टी त्यागराय अध्यक्ष असताना मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना न्याहारी देण्यास सुरुवात केली होती. ब्रिटिश सरकारने खर्चाला हरकत घेतली आणि काही वर्षांतच ती बंद पडली. तीस वर्षांनी कामराज यांच्यापुढेही तीच हरकत होती. राज्य गरीब, धान्य तुटपुंजे, पंचवार्षिक योजनेत यासाठी तरतूद नाही. सार्वजनिक शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांच्या साथीने त्यांनी आधी लोकांकडेच हात पसरला. गावोगाव समित्या झाल्या. कोणी धान्य दिले, कोणी भाजी, कोणी भांडी. १९५६ मध्ये महाकवी भारतींच्या एट्टयपुरम या गावातून सुरुवात झाली आणि पुढील वर्षी योजनेला सरकारी अनुदानाची जोड मिळाली. खर्चाचा साधारण साठ टक्के भाग सरकारचा आणि चाळीस टक्के स्थानिक लोकांचा, अशी वाटणी ठरली. विरुधुनगरच्या ‘महमै’चा संस्कार या हिशेबात दिसतो. १९६१ पासून ‘केअर’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची मदतही मिळू लागली. पुढे गणवेश आले. फीमाफी प्रथम उत्पन्नाची मर्यादा घालून गरिबांसाठी आली आणि टप्प्याटप्प्याने ती मर्यादाही गळून पडली.

मात्र या योजनेचे एक दुखणे होते आणि ते सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. ती गरीब मुलांसाठी होती. पैसा मोजका, म्हणून ताटेही मोजकी. पटावरील कोणती मुले जेवणार, हे शिक्षकाने ठरवायचे. एका वर्गात काही मुले पंगतीला बसत आणि काही घरी जात. ज्याच्या नावापुढे ‘गरीब’ अशी खूण झाली त्याला ती सर्वांदेखत वागवावी लागे. काही आईबाप अब्रूपायी मुलाला पंगतीला पाठवत नसत आणि ज्याला शब्द टाकायला कोणी नाही त्याचे नाव राहून जाई. गणेश चतुर्थीच्या प्रसादाची तीच गत पुन्हा होती. वाटा होता, पण तो पदरात पाडून घेण्याची अट कायम होती. कामराज यांना हे कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या तिजोरीत तेवढेच होते, आणि जेवढे होते तेवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. योग्य वेळ येईपर्यंत थांबले असते तर ती आली नसती.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका जिल्ह्यात तालुक्याचे काम पाहत असताना एक विधवा बाई शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला मागायला आली होती. दाखल्यासाठी शिधापत्रिका हवी, शिधापत्रिकेसाठी वास्तव्याचा पुरावा हवा आणि पुराव्यासाठी घरमालकाची सही हवी. घरमालक सही देईना. तिने तीन खेपा घातल्या आणि चौथ्यांदा ती आली नाही. फाइल नियमाप्रमाणे बंद झाली. तिच्यावर माझीच सही होती. योजना चांगली होती, निधीही शिल्लक राहिला. पात्र असणे आणि पात्रता सिद्ध करता येणे यांत केवढे अंतर असते, हे मला त्या शिल्लक निधीच्या आकड्याने शिकवले.

तमिळनाडूने हे अंतर पुढे कमी केले. १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने पोषक आहार योजना फार मोठ्या प्रमाणावर सुरू केली. अर्थतज्ज्ञांनी तिला उधळपट्टी म्हटले. तिच्या पोषणविषयक आणि सामाजिक लाभांचा अभ्यास नंतर देशभर झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, पण बहुतेक राज्यांत मुलांना ताटाऐवजी महिन्याला तीन किलो धान्य मिळे आणि त्यासाठी ऐंशी टक्के हजेरीची अट होती. अखेर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले अन्न मिळाले पाहिजे. त्या आदेशातील ‘प्रत्येक’ या शब्दाने कामराज यांचे अपुरे राहिलेले काम पुरे केले. अर्ज नाही, दाखला नाही, शिक्षकाची निवड नाही. हजेरीपटावर नाव असणे हीच नोंदणी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंत हा कायदेशीर हक्क केला. श्रीमंत म्हणवणाऱ्या देशांतही मोफत जेवणासाठी पालकांनी अर्ज करावा लागतो आणि अर्ज न केल्यामुळे पात्र मुले उपाशी राहतात, म्हणून सरकारी नोंदींवरून त्यांची नावे आपोआप घालावीत का, याची चर्चा चालते. त्या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर आपल्याकडे आधीच दिले गेले आहे.

म्हणूनच ते जपणे आवश्यक आहे. २०१७ मध्ये या जेवणासाठी आधार क्रमांकाची अट घालण्याचा प्रयत्न झाला. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधारअभावी कोणत्याही मुलाला योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. तरीही नोंदी जुळवण्याच्या उत्साहात अशा अटी निरनिराळ्या रूपांत परत येत असतात. दुसरी फट आणखी मोठी आहे. शिक्षणहक्क कायद्यान्वये खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागांवर प्रवेश मिळालेले गरीब मूल केंद्राच्या योजनेतील जेवणाला मुकते. घर तेच, भूक तीच. शाळा बदलली म्हणून ताट गेले. त्याचे नाव सरकारच्याच सोडतीतून त्या शाळेत गेलेले असते. ती यादी हाताशी असताना त्याला पुन्हा अर्ज करायला लावण्याचेही कारण नाही. यादीवरूनच ताट पोहोचवता येईल. नववीत गेल्यावर जेवण थांबणे हाही असाच प्रश्न आहे. गळतीचे वय नेमके तेच.

तमिळनाडूने मात्र पुढचे पाऊल टाकले. सप्टेंबर २०२२ पासून तेथील सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू झाली आणि १५ जुलै २०२४ रोजी, कामराज यांच्या जन्मदिनी, ती ग्रामीण भागातील अनुदानित शाळांपर्यंत नेण्यात आली. सरकारे बदलली, पक्ष बदलले, तरी ही रेघ पुसली गेली नाही. एका पक्षाने सुरू केलेले दुसऱ्याने वाढवावे, अशी उदाहरणे आपल्या सार्वजनिक जीवनात थोडी आहेत.

कामराज यांनी २ ऑक्टोबर १९६३ रोजी पक्षकार्यासाठी मुख्यमंत्रिपद सोडले. नेहरूंनंतर शास्त्री आणि शास्त्रींनंतर इंदिरा गांधी यांच्या निवडीत त्यांचा शब्द निर्णायक ठरला. १९६७ मध्ये स्वतःच्या विरुधुनगरात एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून ते पराभूत झाले. ज्या पिढीला त्यांनी शाळेत आणले, तिच्यातील अनेकांनी त्यांच्याविरुद्ध मत दिले असणार. त्याबद्दल त्यांनी लोकांना बोल लावला नाही. १९६९ मध्ये पक्ष फुटला, जवळचे दुरावले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, चेन्नईतील भाड्याच्या घरात त्यांचे निधन झाले. मागे उरले ते काही कपडे, पुस्तके आणि किरकोळ रोकड. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

आज दुपारी देशातील लाखो शाळांत घंटा होईल आणि मुले ताट घेऊन बसतील. आपले नाव यादीत कोणी घातले, हे त्यांना ठाऊक नसेल, आणि ते विचारण्याची गरजही त्यांना पडू नये. ज्या मुलांच्या पुढ्यात ते ताट अजून आलेले नाही, त्यांना बोलावून त्यांचा वाटा देणे हे आजही मास्तरांचे, म्हणजे सरकारचेच काम आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी व इतिहासाचे अभ्यासक आहेत.)