डॉ. आयझॅक वॉट्स : मंडळीच्या मुखीं नवें गीत देणारा सेवक

उपासनेंत कोणतीं गीतें गावीं, ह्यावरून आमच्या पुष्कळ मंडळ्यांत मतभेद आहेत. तरुणांस नवीं गीतें, नव्या चाली आणि नवीं वाद्यें हवीं असतात. वडील माणसांस लहानपणापासून ओठीं बसलेलीं गीतें सोडवत नाहींत. गायन चालविणारा उपदेशक दोहोंच्या मध्यें सांपडतो. एका बाजूचें ऐकावें तर दुसरी बाजू मुकी बसते. हा प्रश्न आजचा नाहीं. तीनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांत तो ह्याहूनहि तीव्र होता. ज्यांचीं गीतें आज कोणी जुनीं म्हणून जपतात आणि कोणी जुनीं म्हणून बाजूला ठेवितात, त्याच गृहस्थांस त्या काळीं नवीं गीतें आणल्याबद्दल बोल खावे लागले. त्या डॉ. आयझॅक वॉट्स ह्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

आयझॅक वॉट्स ह्यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन बंदरांत १७ जुलै १६७४ रोजीं झाला. त्यांचे वडील तेथील स्वतंत्र मंडळीचे डीकन होते. त्या काळीं राजमान्य चर्चाबाहेर उपासनेसाठीं जमणें हा गुन्हा होता, आणि त्यापायीं वडिलांस तुरुंगवास भोगावा लागला. आई तान्ह्या आयझॅकला घेऊन तुरुंगाच्या दाराबाहेर बसत असे, अशी कथा परंपरेनें सांगत आले आहेत. मुलगा फार बुद्धिमान निघाला. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच व हिब्रू ह्या भाषा तो बाळपणींच शिकला. गांवच्या एका डॉक्टरानें त्याला विद्यापीठाचा खर्च देऊं केला. पण त्यासाठीं वडिलांची मंडळी सोडून राजमान्य चर्चांत जावें लागलें असतें. त्या कोंवळ्या वयांतहि त्यानें तें नाकारिलें, आणि १६९० सालीं लंडनजवळ स्टोक न्यूइंग्टन येथें टॉमस रो ह्यांच्या पाठशाळेंत तो शिकावयास गेला.

१६९४ सालीं वॉट्स घरीं परत आले, तेव्हां मंडळीच्या गायनाची दशा पाहून त्यांस वाईट वाटूं लागलें. ही दशा कशी होती, तें थोडें सांगितलें पाहिजे. जिनीव्हा येथील सुधारक कॅल्व्हिन ह्यांच्या काळापासून पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा दंडक होता, कीं उपासनेंत शास्त्रांतील स्तोत्रेंच गावीं, माणसानें रचिलेलें गीत गाऊं नये. इंग्लंडांत स्टर्नहोल्ड व हॉपकिन्स ह्यांचें स्तोत्रांचें पद्यमय पुस्तक १५६२ पासून चालू होतें. पुस्तकें थोडीं, वाचणारे त्याहून थोडे. म्हणून एकानें एक ओळ मोठ्यानें वाचावी, सर्वांनीं ती गावी, मग दुसरी ओळ वाचावी, अशी रीत पडली होती. आमच्या भजनांतहि पुढचा एक चरण म्हणतो व मागचे तो उचलितात. परंतु येथें चरणागणिक अर्थ विसावतो, आणि टाळ-मृदंगाचा ठेका कोणास झोंपूं देत नाहीं. तेथें ओळ पुष्कळदां अर्थाच्या मध्येंच तुटे, आणि चाल इतकी लांबविली जाई, कीं शेवटास येईपर्यंत आरंभ विसरावा.

तरुण वॉट्स ह्यांनीं वडिलांपाशीं ह्याबद्दल कुरकूर केली. तेव्हां वडील रागें भरले नाहींत. ह्याहून बरें कांहीं तूंच करून आण, असें त्यांनीं मुलाला सुचविलें, अशी आख्यायिका आहे. मुलानें प्रकटीकरणाच्या पुस्तकांतील कोंकऱ्याच्या गौरवावर एक गीत रचून आणिलें. मंडळीनें तें गाइलें, आणि आणखी मागितलें. घरीं काढलेल्या त्या दोन वर्षांत त्यांनीं पुष्कळ गीतें लिहिलीं. आम्हांस येथें मुलाइतकेंच बापाचें कौतुक वाटतें. दोष काढणाऱ्या तरुणास गप्प बसविणें सोपें असतें. ह्या डीकनानें त्याच्या हातीं काम दिलें.

हें काम सोपें नव्हतें. लंडनांतील बाप्टिस्ट पाळक बेंजामिन कीच ह्यांनीं ह्यापूर्वींच आपल्या मंडळींत गीतें गावयास आरंभ केला होता. १६९१ सालीं तीं दर रविवारीं गावीं असें ठरतांच बावीस जण ती मंडळी सोडून गेले. नव्या गीतापायीं मंडळी दुभंगते, हें वॉट्स ह्यांच्या डोळ्यांसमोर होतें. म्हणून त्यांनीं घाई केली नाहीं. १६९६ पासून ते एका सरदाराच्या घरीं शिक्षक होते. १७०२ सालीं ते लंडनांतील मार्क लेन मंडळीचे पाळक झाले. त्यांचा भाऊ इनॉक ह्यानें १७०० सालीं पत्र लिहून गीतें छापण्याविषयीं आग्रह केला होता. तरी पुस्तक निघावयास १७०७ साल उजाडलें.

त्या पुस्तकाची रचना प्रत्येक उपदेशकानें लक्षांत घेण्याजोगी आहे. वॉट्स कवि होते, आणि विद्वानांस रुचेल असा काव्यसंग्रह त्यांनीं आधींच प्रसिद्ध केला होता. परंतु मंडळीसाठीं लिहितांना त्यांनीं आपलें कवित्व मुद्दाम आवरिलें. साध्या माणसाच्या समजुतीबाहेरच्या उपमा त्यांनीं टाळिल्या. लोकांस चाली थोड्याच ठाऊक होत्या. म्हणून बहुतेक गीतें त्यांनीं प्रचारांतल्या तीनच छंदांत बसविलीं, म्हणजे नवें गीत जुन्या चालीवर त्याच दिवशीं म्हणतां यावें. ओळ वाचून गाण्याची रीत त्यांस मुळींच आवडत नसे. पण ती एकदम मोडणार नाहीं हें जाणून त्यांनीं शक्य तोंवर प्रत्येक ओळीच्या शेवटीं अर्थ थांबेल अशी योजना केली. प्रभुभोजनासाठीं लिहिलेलें त्यांचें वधस्तंभाविषयींचें प्रसिद्ध गीत ह्याच पुस्तकांत आहे. गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायांतील १४ व्या वचनावर तें रचिलेलें असून, वधस्तंभाकडे पाहतां पाहतां गाणाऱ्याचा सारा अभिमान गळून पडतो, असा त्याचा भाव आहे. त्यांत कठीण शब्द फार थोडे सांपडतील.

ह्यावरून वॉट्स ह्यांनीं जुनीं स्तोत्रें टाकून दिलीं, असें कोणी समजूं नये. १७१९ सालीं त्यांनीं दाविदाच्या स्तोत्रांचें नवें पद्यपुस्तक प्रसिद्ध केलें. ख्रिस्त येऊन गेल्यावरहि मंडळीनें तो अजून आलाच नाहीं अशा रीतीनें कां गावें, असा त्यांचा सवाल होता. म्हणून दाविदाच्या मुखांत त्यांनीं ख्रिस्ती माणसाचे शब्द घातले. ९० व्या स्तोत्रावरील त्यांचें गीत आजहि पुष्कळ देशांत वर्षारंभीं व अंत्यविधीच्या वेळीं म्हणतात. ९८ व्या स्तोत्रावरील गीत नाताळांत जगभर गातात. तथापि ह्या पुस्तकांत एक मोठा दोषहि होता. कित्येक ठिकाणीं इस्राएलाच्या जागीं त्यांनीं आपल्या ब्रिटन देशाचें नांव घातलें. पुढें अमेरिका स्वतंत्र झाली, तेव्हां तेथील मंडळ्यांस तेवढ्या ओळी बदलून घ्याव्या लागल्या. देवाच्या स्तुतींत आपल्या राज्याचा अभिमान मिसळला, तर तो भाग लवकर शिळा होतो.

वॉट्स ह्यांची प्रकृति नेहमीं नाजूक असे. १७१२ सालीं मोठ्या तापानें ते खचले, तेव्हां सर टॉमस ॲबनी ह्यांनीं त्यांस हवापालटासाठीं आपल्या घरीं नेलें. थोड्या दिवसांसाठीं गेलेला हा पाहुणा मरेपर्यंत, म्हणजे सुमारें ३६ वर्षें, त्याच कुटुंबांत राहिला. त्यांनीं लग्न केलें नाहीं. मंडळीनें त्यांस सोडिलें नाहीं. सॅम्युएल प्राइस ह्यांस जोडीला घेऊन पाळकाचें काम चालविलें. १७१५ सालीं त्यांनीं मुलांसाठीं गीतांचें पुस्तक काढिलें. तर्कशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ, ज्या विद्यापीठांत त्यांस जातां आलें नव्हतें, तेथेंहि शिकविला जाऊं लागला. १७२८ सालीं एडिंबरो विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. २५ नोव्हेंबर १७४८ रोजीं ते निवर्तले. त्यांची कबर लंडनांत बनहिल फील्ड्स येथें आहे.

त्यांच्या हयातींतच हीं गीतें समुद्रापार गेलीं होतीं, आणि आमचा आजचा प्रश्नहि त्यांच्याबरोबर गेला. अमेरिकेंत नॉर्दॅम्प्टन येथील पाळक जोनाथन एडवर्ड्स १७४२ च्या सुमारास एका प्रवासाहून परतले, तों मंडळी स्तोत्रें सोडून केवळ वॉट्स ह्यांचींच गीतें गात होती. एडवर्ड्स ह्यांस गीतें आवडत. स्तोत्रें सुटलेलीं आवडलीं नाहींत. त्यांनीं गीतें बंद केलीं नाहींत. उन्हाळ्यांत रविवारीं तीनदां गायन होई, त्यांपैकीं शेवटच्या वेळीं वॉट्स ह्यांचें गीत म्हणावें, असें त्यांनीं ठरवून दिलें. अशा रीतीनें दोहोंस जागा झाली.

व्हर्जिनिया प्रांतांत सॅम्युएल डेव्हिस नांवाच्या पाळकानें लंडनहून हीं पुस्तकें मागवून गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांस दिलीं. त्या दुःखी लोकांत अक्षरओळख थोडी होती. म्हणून एकानें ओळ सांगावी व सर्वांनीं ती आळवावी, ही रीत त्यांच्यांत रुजली. जी रीत वॉट्स ह्यांस मोडावयाची होती, तिच्यांत ह्या लोकांनीं आपला सूर आणि आपला हुंदका ओतला. त्यांच्या वंशजांच्या कांहीं मंडळ्यांत आजहि अशा गायनास डॉक्टर वॉट्स असेंच नांव आहे, मग गीत कोणाचेंहि असो.

आमच्या प्रांताशींहि ह्या चरित्राचा धागा जुळतो. १८१३ सालीं मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्यांची दीक्षा १८१२ च्या फेब्रुवारींत सेलम येथें, पाळक सॅम्युएल वूस्टर ह्यांच्या मंदिरांत झाली. हेच वूस्टर त्यांच्या मिशन बोर्डाचे चिटणीस होते, आणि वॉट्स ह्यांच्या गीतांची आवृत्ति संपादून काढणारेहि तेच. पुढें कृष्णराव सांगळे आणि नारायण वामन टिळक ह्यांनीं ख्रिस्ताचें गायन देशी चालींत, ओवी-अभंगांत आणिलें. वॉट्स ह्यांच्याप्रमाणें त्यांनींहि लोकांच्या ओठीं असलेला छंद घेतला. टिळकांचीं पदें एके काळीं नवींच होतीं, हें जुन्याच्या अभिमान्यांनीं विसरूं नये.

तरुणांनींहि एक गोष्ट लक्षांत घ्यावी. अमेरिकेंत नव्या धर्तीचीं उपासनागीतें करणारे ख्रिस टॉमलिन व त्यांचे सोबती ह्यांनीं २००० सालीं वॉट्स ह्यांच्या १७०७ च्या वधस्तंभाच्या गीतास नवें धृपद जोडिलें, आणि गिटारच्या साथीनें तें जुनें गीत पुन्हां तरुणांच्या तोंडीं आलें.

म्हणून गायन चालविणाऱ्या बंधुभगिनींस आमची विनंति आहे. नवें गीत घेण्यापूर्वीं तें मोठ्यानें वाचून पाहा. अक्षर न येणाऱ्या म्हातारीस त्याचा अर्थ कळेल काय, हें पाहा. एका रविवारीं एकच नवें गीत शिकवा, आणि तें सर्वांच्या तोंडीं बसेपर्यंत दुसरें आणूं नका. जुनें गीत म्हणण्यापूर्वीं तें कोणत्या वचनावरून रचिलें आहे, तें दोन वाक्यांत सांगा. एखादें गीत कोणी गातच नसेल, तर चाल फार संथ झाली आहे कीं शब्द कळेनासे झाले आहेत, तें शोधा. गाणाऱ्यांस दोष देऊं नका. आणि कोणी तरुण गायनाविषयीं तक्रार घेऊन आला, तर साउदॅम्प्टनच्या त्या डीकनाची आठवण करा. शास्त्रांतील शहाणा गृहस्थ आपल्या भांडारांतून नवें आणि जुनें दोन्हीं काढितो. आमच्या मंडळ्यांच्या भांडारांतहि दोन्हीं आहेत.