आजीचे बर्लिन

विदुषी इरावतीबाई कर्वे १९७० साली निवर्तल्या. त्यांचे ‘युगान्त’ पुष्कळांच्या घरी असते; बर्लिनमधील त्यांची वर्षे मात्र फारशी कोणास ठाऊक नव्हती. त्यांची नात उर्मिला देशपांडे यांनी संशोधक थियागो पिंटो बार्बोसा यांच्यासह त्यांचा शोध घेऊन २०२४ साली आजीचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

बाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. वडील तेथे कापसाच्या कंपनीत होते (मोहगाव-सौसरकडे कापसाचे नवल ते काय!). पुढे त्या महर्षी कर्वे यांच्या सून झाल्या आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस कर्ज काढून बर्लिनला गेल्या. तेथे ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरू. गोऱ्या माणसाची बुद्धी श्रेष्ठ, आणि कवटीच्या दोन बाजूंतील फरकावरून ते सिद्ध होईल, असा त्यांचा कयास होता. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या; आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्याही त्यांत होत्या. त्या फरकाचा वंशाशी काही संबंध दिसेना. परका देश, डोक्यावर कर्ज, पदवी त्याच गुरूंच्या हाती. तरी जे आढळले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. पदवी मिळाली, पण अगदी जेमतेम गुणांनी.

१९३३ साली, हिटलरच्या अमदानीत, फिशर विद्यापीठाचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धात ऑशविट्झच्या छळछावणीतून मृतांचे डोळे फिशर यांच्या जुन्या संशोधन संस्थेत तपासणीसाठी जात.

इकडे १९३९ पासून बाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. जातीजमातींची डोकी मोजणे त्यांनी तेथेही सोडले नाही. हे मात्र मनाला खटकते.