सणाच्या संध्याकाळचा यजमान

डिसेंबर सरत आला की खानदेशात भरताचे दिवस येतात. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जातात, कळण्याच्या पुऱ्या होतात आणि शेतात नाहीतर कॉलनीच्या मैदानात पंगती बसतात. भुसावळच्या रेल्वे वसाहतीमुळे नाताळही आपल्याकडे परका नाही. भरीत, केक आणि सरत्या वर्षाची थंडी यांच्या जोडीला एके काळी आणखी एक गोष्ट असे, ती म्हणजे दूरदर्शनवरचा खास कार्यक्रम. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे दोन संच १९७९ आणि १९८२ मध्ये सुरू झाले. त्याच १९८२ मध्ये देशात रंगीत दूरचित्रवाणी आली. अशा वसाहतींमधून राज्याच्या कानाकोपऱ्यातली कुटुंबे राहायला आलेली असत. घराघरात संच नव्हते. ज्याच्याकडे असे त्याच्या खोलीत सतरंजी अंथरली जाई. आजीपासून नातवापर्यंत सारे एकाच पडद्याकडे पाहत आणि एकाच वेळी हसत.

अशी संध्याकाळ केवळ आपल्याच नशिबी होती असे नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास होणारे टीव्हीवरचे विविधरंगी कार्यक्रम ही तिथल्या कुटुंबांची परंपराच होती. गाणे, नाटुकले, नकला, पाहुणे कलावंत आणि या साऱ्यांना बांधून ठेवणारा एक हसतमुख यजमान असा त्यांचा थाट असे. गायक बिंग क्रॉस्बी हा अशा यजमानांपैकी एक. त्याने नाताळचा शेवटचा कार्यक्रम सप्टेंबर १९७७ मध्ये लंडनला चित्रित केला, १४ ऑक्टोबरला त्याचे निधन झाले आणि कार्यक्रम त्यानंतर प्रेक्षकांपर्यंत पोचला. यजमान गेला होता, तरी सणाला तो घरी आला!

मराठी घरांचा असा यजमान कोण? मुंबई दूरदर्शनवर ‘गजरा’ होता, दिवाळीचे खास कार्यक्रम होते, ३१ डिसेंबरची रात्र होती. पण मराठी माणसाला अशा बहुरंगी मैफलीची गोडी ज्याने लावली, तो माणूस दूरचित्रवाणी आपल्या दारात येण्याच्या कितीतरी आधी रंगमंचावर उभा होता. एवढेच नव्हे, तर भारतातल्या दूरचित्रवाणीच्या पाळण्याची दोरीही काही काळ त्याच्याच हाती होती. तो माणूस म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, अर्थात आपले पु.ल.

सणांचा वारसा

पु.लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. बालपण आधी जोगेश्वरीत आणि मग पार्ल्यात गेले. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. आपल्या सणांचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास सांगणारा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. नातवाने पुढे सणांचा इतिहास लिहिला नाही, पण मराठी घरातल्या सणाला एक नवा विधी जोडून दिला. सगळ्यांनी एकत्र बसून हसणे हा तो विधी.

घरात गाण्याची आवड होती. लहानपणीच पेटीवर बोटे फिरू लागली आणि ती अखेरपर्यंत थांबली नाहीत. पार्ले टिळक विद्यालय, इस्माईल युसुफ महाविद्यालय, पुण्याचे फर्ग्युसन, सांगलीचे विलिंग्डन असे शिक्षण झाले. कायद्याची पदवीही घेतली, पण वकिली काही केली नाही. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षकी केली, पुढे बेळगावच्या महाविद्यालयात प्राध्यापकी केली. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पु.लं.च्या पुढच्या आयुष्यातली शिस्त, हिशेब आणि काटेकोरपणा यांचे मोठे श्रेय सुनीताबाईंकडे जाते.

चित्रपटात त्यांनी काय करायचे बाकी ठेवले? १९४७ च्या ‘कुबेर’पासून अभिनय, गायन, लेखन, संगीत अशी सगळी खाती त्यांनी सांभाळली. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मध्ये तर लेखनापासून संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिकेपर्यंत सबकुछ पु.ल. हेच त्या चित्रपटाचे बिरुद झाले. त्याच वर्षीच्या ‘देवबाप्पा’तले, मोराला नाचायला सांगणारे बालगीत आजही बालवाडीच्या स्नेहसंमेलनात हमखास असते. गदिमांचे शब्द, आशाबाईंचा आवाज आणि पु.लं.ची चाल! त्या तालावर नाचणाऱ्या चिमुरड्यांना चाल कोणाची हे ठाऊक नसते, आणि चालीचे यश तेच.

खानदेशाशी त्यांचा एक धागा जुळतो तो राष्ट्र सेवा दलाच्या वाटेने. अमळनेरच्या शाळेतून मुलांच्या मनावर राज्य करणारे साने गुरुजी हे सेवा दलाचे दैवत. गुरुजी १९५० मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी सेवा दलाच्या कलापथकासाठी पु.लं.नी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले. तमाशाचा बाज घ्यायचा, पण आयाबहिणींनी मान खाली घालावी असे काही नको, हा कलापथकाचा कटाक्ष होता. घरातल्या सगळ्यांना चालेल आणि तरीही बेचव होणार नाही, अशा विनोदाचे शिक्षण पु.लं.ना इथेही मिळाले असे म्हणायला हरकत नाही.

पहिला पडदा

१९५५ मध्ये पु.ल. आकाशवाणीत रुजू झाले. तिथून त्यांना बीबीसीच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याची संधी मिळाली. त्या प्रवासाचे ‘अपूर्वाई’ हे पुस्तक मराठी घरात सफरीची हौस पुरवत राहिले. विलायतेत त्यांनी दूरचित्रवाणी नावाचे नवे प्रकरण जवळून पाहिले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारताची दूरचित्रवाणी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या निर्मात्यांत पु.ल. होते. पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीवरची पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांच्याकडेच जातो. कार्यक्रम आठवड्यातून दोनदाच, संच मोजकेच आणि तेही सार्वजनिक ठिकाणी. म्हणजे सतरंजीवर बसून दहा घरांनी मिळून टीव्ही पाहण्याची जी गंमत आपण पुढे खानदेशात अनुभवली, ती या माध्यमाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत होती.

दुसरा कोणी असता तर या नव्या खात्यात बढत्या घेत निवृत्त झाला असता. खुर्ची सरकारी, माध्यम नवे, पुढे भविष्य मोठे! पण पु.लं.चा जीव फायलींत रमणारा नव्हता. त्यांना समोर माणसे हवी होती, हसली तर त्यांचे हसू कानी पडेल अशी. लवकरच ते नोकरी सोडून महाराष्ट्रात परतले. जो माणूस मराठी घरात सणाची संध्याकाळ घेऊन येणार होता, त्याने ती पडद्यासाठी न घडवता आधी रंगमंचावर घडवली.

एक माणूस, अख्खी चाळ

१९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ रंगभूमीवर आली. रंगमंचावर माणूस एकटा, पण दिसते अख्खी चाळ, असा तो चमत्कार होता. नेपथ्याचा डोलारा नाही, कपडे बदलण्याची धावपळ नाही. खांदा जरा झुकवला, आवाज जरा बदलला की नवा बिऱ्हाडकरू हजर. मराठीत एकपात्री प्रयोगाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती इथून.

पाठोपाठ १९६२ मध्ये ‘वाऱ्यावरची वरात’ आली. नाटक म्हणावे तर त्याला सलग कथानक नाही आणि जलसा म्हणावे तर त्यात नाट्य भरपूर. सत्कार समारंभाची फजिती, व्याख्यान, गाणी, नकला, शेवटी एका रविवार सकाळची धांदल, असा तो फराळाच्या ताटासारखा मामला. श्रीकांत मोघे यांच्यासारखे गाते-खेळते कलावंत त्यात होते आणि मध्यभागी यजमान पु.ल. पाश्चात्त्य देशात टीव्हीने सणासाठी जो साचा घडवला, त्याच जातीची वस्तू इथे अस्सल मराठी मातीतून रंगमंचावर उभी राहिली. पुढे ही वरात छोट्या पडद्यावरही आली. जे मुंबई-पुण्याची नाट्यगृहे कधी पाहू शकले नाहीत, त्यांच्या घरात ती अशी पोचली.

पडदा पोचण्याआधी खानदेशात पु.ल. पोचले ते पुस्तकांतून, आकाशवाणीतून आणि मग कॅसेटमधून. गणेशोत्सवात मंडपाच्या कर्ण्यावर कथाकथनाची कॅसेट लागे आणि आरतीला आलेली माणसे प्रसाद हातात घेऊन ऐकत उभी राहत. अंतू बर्वा रत्नागिरीचा, पण खानदेशातल्या प्रत्येक गल्लीला आपला एक अंतू बर्वा ठाऊक होता. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण त्या पुस्तकाचा खरा सन्मान असा गल्लीबोळातून झाला.

हसवणाऱ्याचा कणा

हसवणाऱ्या माणसाला लोक गंभीरपणे घेत नाहीत. पु.लं.चे तसे झाले नाही, कारण त्यांच्या हसण्याला कणा होता. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी महाराष्ट्रभर जाहीर सभा गाजवल्या. सरकार बदलल्यावर मात्र कुठलेही पद न मागता ते आपल्या लेखनाकडे आणि गाण्याकडे परतले. १९९६ मध्ये पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार त्यांना मिळाला. तो स्वीकारतानाही राज्यात रुजू लागलेल्या दांडगाईच्या भाषेबद्दलची आपली नापसंती त्यांनी लपवली नाही. त्यावरून टीका झाली, ती त्यांनी सोसली.

पैशाच्या बाबतीतही त्यांची रीत वेगळी. तिकिटांसाठी रांगा लागत असतानाच प्रयोग थांबवायचे, हे धारिष्ट किती जणांना जमते? मिळालेला पैसा पु.ल. देशपांडे फाउंडेशनच्या मार्फत समाजाकडे वळला. १९८६ मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी व्यसनमुक्तीसाठी ‘मुक्तांगण’ उभे केले, त्याला सुरुवातीचे एक लाख रुपये या दांपत्याने दिले. दारूवरच्या ‘वरात’मधल्या व्याख्यानाने सभागृह लोटपोट होत असे. त्याच पु.लं.नी दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांसाठी हात सैल सोडला, याची नोंद फार थोडे घेतात. बाबा आमट्यांच्या आनंदवनाशीही त्यांचे असेच घट्ट नाते होते.

रिकामी सतरंजी

अखेरच्या वर्षांत कंपवाताने पु.लं.ना गाठले. ज्या बोटांनी पेटी बोलकी केली, तीच थरथरू लागली. १२ जून २००० रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. सुनीताबाई ७ नोव्हेंबर २००९ रोजी गेल्या, पु.लं.च्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. तारखांचाही कधी कधी असा मेळ बसतो.

पु.ल. गेले त्या सुमारास मराठीत उपग्रह वाहिन्या सुरू झाल्या होत्या. आज विनोदी कार्यक्रमांना तोटा नाही. त्यात गुणी कलावंतही आहेत. मग हळहळ कशाची? ती जुन्या पडद्याच्या मुंग्यांची नाही आणि गच्चीवर चढून ॲन्टेना फिरवण्याचीही नाही. ती सतरंजीची आहे. आता एकाच घरात चार जण चार मोबाइलवर चार वेगवेगळ्या गोष्टींना हसतात, आणि दुसरा का हसला हे कुणी विचारत नाही. पु.लं.नी आयुष्यभर विनोद केला तो असा की हसणाऱ्याला शेजारच्याकडे वळून पाहावेसे वाटावे. ज्याच्यावर विनोद केला, त्यालाही पहिल्या रांगेत बसून हसता यावे. हे साधणे फार अवघड. त्यासाठी नुसता विनोद येऊन भागत नाही, माणसांवर लोभ असावा लागतो.

त्यांच्या आवाजातली कथाकथने आणि रंगमंचावरचे कित्येक प्रयोग आज त्याच मोबाइलवर मिळतात. यंदा भरताची पंगत उठली की एक मोबाइल मधोमध ठेवून बाकीचे बाजूला सारायला काय हरकत आहे? आजोबांना वाक्ये पाठ असतील, ती ते आधीच म्हणून टाकतील. नातवंडांना चाळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागेल. ते सांगताना आणखी चार गोष्टी निघतील, आणि सणाच्या संध्याकाळी आणखी काय लागते?